‘कोणावर संशय आहे का?’ : काचा फुटल्या त्या रात्रीपासून दोषारोपपत्रापर्यंत

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. पहाटेचे पावणेतीन वाजले होते. हे नेहमीप्रमाणे मार्केटला जायला निघाले आणि दोन मिनिटांत परत दारात आले. "बाहेर ये जरा," एवढंच म्हणाले. आवाज इतका सपाट होता की मला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

बाहेर आमचा टेम्पो उभा होता, पण त्याला तोंडच नव्हतं. पुढची काच आत कोसळलेली, दोन्ही दारांच्या काचा फुटलेल्या, हेडलाइट फोडलेले, ड्रायव्हरच्या सीटवर फरशीचा अर्धा तुकडा. पलीकडे शिंदे काकांची रिक्षा, तिचं हूड ब्लेडने उभं फाडलेलं. त्याच्यापुढे ईको व्हॅन, मग दोन कार, परत रिक्षा. खांबावरच्या दिव्याच्या उजेडात रस्ताभर काचेचे दाणे चमकत होते. आमच्या ओळीतल्या नऊ गाड्या फोडल्या होत्या.

आम्ही नवी मुंबईत माथाडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. नोडचं, म्हणजे उपनगराचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. सासरे, म्हणजे आबा, मसाला मार्केटमधून निवृत्त झाले. यांचा छोटा हत्ती आहे, भाजी मार्केटमधून किरकोळ विक्रेत्यांना माल पोचवतात. मी घरी शिकवण्या घेते. घरं बैठी, गल्ली अरुंद, गाड्या दारातच लागतात. कुंपण नाही, वॉचमन नाही. अशा वसाहतीत राहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे. मला त्या दिवशी यातलं काहीही माहीत नव्हतं.

पहिला फोन ११२ ला केला. पंधरा-वीस मिनिटांत दोन बीट मार्शल मोटरसायकलवर आले. त्यांनी टॉर्चने प्रत्येक गाडी पाहिली, नंबर लिहून घेतले, फोटो काढले आणि सांगितलं की कशालाही हात लावू नका, झाडू नका, सकाळी सगळे मिळून ठाण्यात या. ‘सगळे मिळून’ हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. त्याचं महत्त्व मला संध्याकाळी कळलं.

तोवर गल्ली जागी झाली होती. बायका दारात, मुलं खिडकीत. कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं. मी काय केलं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याभोवती फिरलं. मी एक नाव घेतलं.

दोन दिवस आधी, शनिवारी संध्याकाळी, शिवजयंतीच्या मंडपात मुलांनी स्पीकर लावला होता. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा २१ तारखेला सुरू होणार होती. मी जाऊन सांगितलं, आवाज कमी करा. शब्दाला शब्द वाढला. त्यांच्यातल्या एकाला मी चौथीपासून सातवीपर्यंत शिकवलं होतं. तो एकोणीस वर्षांचा झालाय आता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही दरवर्षी हेच करता. बघू यंदा." मी तिथून निघून आले, पण ते ‘बघू’ माझ्या डोक्यात बसलं होतं. पहाटे तीन वाजता, फुटलेल्या काचांमध्ये उभी असताना, सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं काम असेल गं हे?" आणि मी त्या मुलाचं नाव घेतलं. मोठ्याने नाही. पण ऐकणारे पाच-सहा जण होते.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे.

सकाळी साडेसातला आम्ही चौघं ठाण्यात गेलो. मी, आबा, शिंदे काका आणि ईकोवाले भाऊ. बाकीचे कामाला गेले, कारण एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार. हे गॅरेजवाल्याला शोधायला गेले. टेम्पोचं आरसी माझ्या नावावर आहे, पतसंस्थेचं कर्ज माझ्या नावाने मिळालं होतं म्हणून. त्यामुळे तक्रार देणारी मीच.

ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं, अर्ज लिहायला कागद दिला आणि म्हणाले, "एन.सी. देतो. इन्शुरन्सला चालते." त्यांचा सूर वाईट नव्हता. रांगेत आमच्यामागे मोबाइल हरवलेले तिघे आणि नवऱ्याने मारलेली एक बाई उभी होती. मी विचारलं, एन.सी. म्हणजे तपास होणार ना? त्यांनी सरळ सांगितलं, "नाही ताई. अदखलपात्र आहे."

आमच्यातल्या कुणालाच हा फरक माहीत नव्हता, म्हणून जरा थांबून सांगते. गुन्हे दोन प्रकारचे असतात. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस एफआयआर नोंदवतात आणि स्वतःहून तपास करतात. अदखलपात्र गुन्ह्याची फक्त नोंद होते, तीच एन.सी. दंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात गाडी फोडणं, मालमत्तेची नासधूस करणं हे कलम ३२४ खाली येतं. कायद्यातला शब्द ‘आगळीक’. शिक्षा नुकसानीच्या रकमेप्रमाणे वाढते. वीस हजार ते एक लाखाच्या आत नुकसान असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. आणि ते लाखावर गेलं की गुन्हा दखलपात्र होतो. आग लावून नुकसान केलं असेल तर कलम वेगळं लागतं, ते दखलपात्रच असतं.

हे मला त्या टेबलावर नाही कळलं. आम्ही अर्ज देऊन, त्याच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेसह पोच घेऊन बाहेर बाकावर बसलो होतो. पोच घ्यायचं आबांनी सुचवलं. आयुष्यभर माथाडी बोर्डाच्या कागदांशी व्यवहार केलेला माणूस, पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद हातातून सोडत नाही. तेवढ्यात एक महिला उपनिरीक्षक आत जाता जाता थांबल्या. "किती गाड्या?" नऊ म्हटल्यावर त्यांनी अर्ज मागवून वाचला आणि विचारलं, "नुकसान किती लिहिलंय? अंदाजे पंधरा हजार? हे फक्त तुमचं ना? बाकीच्यांचं कुठंय?" मग म्हणाल्या, "एकाच वेळी, एकाच ठिकाणी, त्याच लोकांनी केलंय. प्रत्येक गाडीचं कोटेशन आणा, गॅरेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. आरसीच्या प्रती आणा. मग बसून बघू."

तो दिवस कोटेशन गोळा करण्यात गेला. नऊ घरं, पाच गॅरेज. बहुतेक गॅरेजवाल्यांकडे लेटरहेड नव्हतंच, तेव्हा बिलबुकावर लिहून घेतलं, गाडीचा नंबर, कामाचा तपशील, जीएसटीसह रक्कम आणि शिक्का. दोघांनी शंभर-शंभर रुपये मागितले, बाकीच्यांनी फुकट दिलं. आमच्या टेम्पोचं असं आलं : पुढची काच ५,८००, दारांच्या दोन काचा २,६००, हेडलाइटची जोडी ४,४००, डेंटिंग-पेंटिंग ९,२००, आरसा आणि वायपर १,६००. एकूण २३,६०० रुपये. सकाळी मी अंदाजाने पंधरा लिहिले होते. घाबरलेला माणूस कमीच लिहितो, मागणं जास्त वाटेल की काय म्हणून. अंदाज लिहू नका, गॅरेजवाल्याला विचारून लिहा.

ईको १९,५००, तीन रिक्षा मिळून १९,४००, दोन कार मिळून ४८,५००, एक स्कूटर आणि एक मोटरसायकल मिळून ८,२००. संध्याकाळी मुलीने वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. १,१९,२०० रुपये.

दोन रिक्षावाले मात्र संध्याकाळपर्यंत थांबू शकले नाहीत. रिक्षा बंद म्हणजे चूल बंद. पोलिसांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, नंबर प्लेट दिसली पाहिजे, फुटलेला भाग जवळून घ्या आणि एक फोटो लांबून, आजूबाजूची घरं दिसतील असा. तसं केलं. फोटो मूळ फोनमध्येच ठेवले. व्हॉट्सॲपवर पाठवले की फोटोचा आकार आणि त्यातली माहिती दोन्ही कमी होतात.

रात्री आठला आम्ही नऊही घरांतली माणसं ठाण्यात हजर. बसायला जागा नव्हती. उपनिरीक्षक मॅडमनी कोटेशनं एकेक करून पाहिली, वरिष्ठांकडे गेल्या, पाऊण तासाने आल्या आणि म्हणाल्या, "एफआयआर घेतोय. फिर्यादी एकच, बाकीचे साक्षीदार. कोण होतंय फिर्यादी?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फिर्यादी म्हणजे उद्या कोर्टात उभं राहणं. फिर्यादी म्हणजे ज्यांनी फोडलं त्यांना आपलं नाव कळणं. एका काकांनी स्पष्टच सांगितलं, घरात दोन मुली आहेत, मला नको. त्यांना दोष द्यावासा तेव्हाही वाटला नाही, आताही वाटत नाही. सकाळचा अर्ज माझा होता. मी हो म्हटलं. भीती वाटत होती, तळहात ओले झाले होते.

फिर्याद लिहायला सव्वादोन तास लागले. हवालदार कॉम्प्युटरवर मराठीत टंकत होते, मी सांगत होते. घरात कोण कोण राहतं इथपासून सुरुवात होते. गाडी किती वाजता लावली, शेवटची कधी पाहिली, आवाज आला का, कुत्री भुंकली का. रात्री बाराला मी कचऱ्याचा डबा आत घेतला तेव्हा टेम्पो धड होता हे मला बोलता बोलता आठवलं, आणि त्यामुळे वेळ बारा ते पावणेतीन अशी नक्की झाली. जाण्याआधी घरी शांत बसून हे असं क्रमाने आठवून, कागदावर लिहून नेलं तर बरं पडतं.

मग हवालदारांनी मान वर न करता विचारलं, "कोणावर संशय आहे का?"

तो प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. दिवसभरात गल्लीत ते नाव फिरून फिरून पक्कं झालं होतं. सासूबाई तर म्हणाल्याच होत्या, ठाण्यात जातेयस तर सांगून ये. माझ्या ओठांवर होतं. शनिवारचं भांडण, ते ‘बघू यंदा’, सगळं जुळत होतं. मी म्हणाले, "एक मुलगा आहे..."

आबा शेजारच्या खुर्चीत होते. दिवसभरात दहा वाक्यंही बोलले नसतील. त्यांनी विचारलं, "बघितलंस का त्याला?"

मी म्हटलं, नाही, पण...

ते पुढे काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती. मसाला मार्केटमधली लवंगेच्या गोणीची गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. एका गाळ्यावर माल मोजताना एक गोणी कमी भरली. लवंगेची गोणी म्हणजे त्या काळी हमालाच्या कित्येक महिन्यांची कमाई. व्यापाऱ्याने ज्याच्या पाठीवरून शेवटची खेप गेली त्याचं नाव घेतलं. आबांना सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गाळ्याच्या पायरीवर बसवून ठेवलं. गोणी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॉटमध्ये सापडली. कुणी माफी मागितली नाही, पण ते सोडा. हमालांच्या टोळीतले दोघे जण त्यानंतर वर्षभर त्यांच्याबरोबर जेवायला बसले नाहीत, हे आबा अजूनही सांगतात.

आणि तो मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे धावायला जातो, सगळ्या गल्लीला माहीत आहे. भरतीत चारित्र्य पडताळणी होते. एफआयआरमध्ये संशयित म्हणून नाव गेलं तर तो कागद त्याच्या पुढे पुढे चालत राहणार होता.

मी हवालदारांना म्हटलं, "मी कुणाला पाहिलेलं नाही. संशय नाही." त्यांनी लिहिलं : अज्ञात इसमांनी अज्ञात कारणावरून.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी एफआयआर नोंदवला गेला. सही करण्याआधी पूर्ण वाचा. मी वाचला तेव्हा टेम्पोच्या नंबरातला एक आकडा चुकला होता आणि ‘पावणेतीन’चं ‘पावणेचार’ झालं होतं. दोन्ही त्यांनी लगेच दुरुस्त केलं. नंबर तसाच राहिला असता तर विमा कंपनीने दावा अडवला असता. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याच्या पद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मधला हक्क आहे. मी तीन झेरॉक्स काढून ठेवल्या. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ म्हणून विभाग आहे, दोन दिवसांनी तिथेही दिसला.

तुमच्याकडे गुन्हा दखलपात्र असूनही नोंदवत नसतील, तर त्याच कलमाप्रमाणे लेखी तक्रार वरिष्ठांकडे, म्हणजे आयुक्तालयाच्या भागात उपायुक्तांकडे, टपालाने पाठवता येते. तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. एन.सी. असेल तर तपासाच्या आदेशासाठीही दंडाधिकाऱ्यांकडेच जावं लागतं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

१८ तारखेला सकाळी पंचनामा. पंच म्हणून दोन माणसं लागतात, ज्यांचं नुकसान झालेलं नाही अशी. पहिल्या चार घरांनी नाही म्हटलं. शेवटी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक तयार झाले. फरशीचा तुकडा आणि काचेचे नमुने पाकिटात घालून, लाखेने सील करून, पंचांच्या सह्यांसह नेले. नव्या कायद्यात जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे, ते एका शिपायाने मोबाइलवर केलं. तास-दीड तास गेला. त्यानंतर मी रस्ता झाडला. दीड दिवस ती काच तशीच होती आणि पोरांना मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं.

सीसीटीव्हीचं काम सगळ्यांत घाईचं होतं. घरगुती डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या डब्यावर, जुनं चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, कुठे सात दिवस, कुठे पंधरा. आमच्या गल्लीत कॅमेरा नाही, पण तोंडाशी पिठाची गिरणी आहे आणि समोर औषधांचं दुकान, दोघांकडे आहेत. दुकानदार आधी म्हणाले, कोर्टकचेरी नको. मी त्यांना एवढंच विनवलं की देऊ नका, पण पुसलं जाऊ देऊ नका. मग पोलिसांनी लेखी पत्र दिलं तेव्हा त्यांनीही दिलं. कॅमेऱ्याचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. हा फरक पोलिसांना लगेच सांगून पंचनाम्यात लिहून घ्यायला लावला, नाहीतर पुढे वेळ जुळत नाही. चित्रीकरण कोर्टात चालावं म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना ठाण्यातच मिळाला, दुकानदारांनी सही केली. आपण स्वतः मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून ठेवलं तर ते आपल्या माहितीसाठी ठीक, पुरावा म्हणून डीव्हीआरमधली मूळ फाइलच.

त्या रात्री गिरणीच्या कॅमेऱ्यात काय होतं ते आम्हाला दाखवलं नाही. तपासाचा भाग आहे म्हणाले.

१८ ला दुपारी दुसरंच घडलं. साक्षीदारांचे जबाब चालू होते. त्यातल्या एकाने, मी नाव घेणार नाही, आपल्या जबाबात त्या मुलाचं नाव दिलं. त्याने ते कुठून ऐकलं हे मला माहीत होतं. पोलिसांनी मुलाला बोलावलं. दुपारी दोन ते सहा तो ठाण्यात बसून होता. मारलं नाही, ओरडले नाहीत, विचारपूस केली आणि सोडलं. दुसऱ्या दिवशी शिवजयंती. दरवर्षी पालखीच्या पुढे भगवा घेऊन तोच असतो. १९ ला तो बाहेर आलाच नाही. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा मी दार लोटून घेतलं. स्पीकरचा आवाज त्या दिवशी अगदी बेताचा होता.

विम्याचं सांगते, कारण त्यात आमचं अज्ञान महागात पडलं. टेम्पो कर्जावर असल्यामुळे पॅकेज पॉलिसी होती. कुणी मुद्दाम केलेलं नुकसान त्यात बसतं. घटनेच्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवलं, दाव्याचा क्रमांक मिळाला. सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत दुरुस्ती सुरू करायची नाही, हे त्यांनी बजावलं. सर्व्हेअर २० तारखेला आले. म्हणजे चार दिवस टेम्पो उभा, दुरुस्तीचे पुढे दोन. सहा दिवस मार्केट बंद. रोजचे सुटणारे बाराशे-पंधराशे गेले आणि दोन नेहमीचे विक्रेते दुसऱ्या टेम्पोवर गेले, ते अजून परत आलेले नाहीत. हा तोटा कुठल्याही पॉलिसीत नव्हता.

काचेवर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापत नाहीत, हे चांगलं. पण मालवाहू गाडीच्या पॉलिसीत हेडलाइट, बंपर, मडगार्ड, रंगकाम हे सगळं धरलेलं नसतं, त्यासाठी ‘आयएमटी २३’ नावाचं वेगळं कलम थोडा जास्त हप्ता भरून घ्यावं लागतं. आम्ही हप्ता कमी बसतोय म्हणून ते सोडलं होतं, खरं तर ते सोडलंय हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. २३,६०० च्या खर्चात हातात ७,९०० आले, तेही १४ मार्चला. टेम्पो, पिकअप असणाऱ्यांनी आज घरी गेल्यावर पॉलिसीच्या कागदावर हे कलम आहे का एवढं बघा. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, त्यामुळे छोट्या नुकसानीत आधी एजंटला आकडे मांडायला सांगा. आमच्या बाबतीत बोनसपेक्षा दावा जास्त होता.

शेजारच्या मुलीच्या स्कूटरचं वेगळंच. २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा, एकदमच घ्यावा लागतो. तिला वाटत होतं, पाच वर्षांचा विमा आहे. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा होता आणि तो संपला होता. तिला एक पैसा मिळाला नाही. सीट, आरसे, ब्रेकचा दांडा, सगळं पगारातून.

फेब्रुवारी संपला, मार्च अर्धा गेला. मी दर दहा-बारा दिवसांनी ठाण्यात जात होते. तपास अधिकाऱ्यांचा नंबर, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि दिनांक एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवला होता. क्रमांक सांगितला की दोन मिनिटांत उत्तर मिळतं, ‘त्या काचांचं काय झालं’ म्हटलं की अर्धा तास जातो. बहुतेक वेळा उत्तर एकच, ‘तपास चालू आहे’. रात्री मोटरसायकलचा आवाज आला की मी उठून बसत होते. हे दोन वाजताच उठून खिडकीतून टेम्पो बघून येत होते. मुलीचे पेपर होते, ती मात्र शांत होती, किंवा तसं दाखवत होती.

२७ मार्चला मॅडमचा फोन आला. गुन्हे प्रकटीकरण पथकाने दुसऱ्या एका प्रकरणात तिघांना पकडलं होतं. गिरणीच्या कॅमेऱ्यात दिसलेल्या मोटरसायकलच्या नंबरातले तीन आकडे आणि टाकीवरचं स्टिकर जुळलं. दोघे सज्ञान, एक सतरा वर्षांचा, कागदावर त्याला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात आणि त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. तिघांपैकी एकालाही आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्या वसाहतीतलेही नव्हते.

मी विचारलं, का केलं? मॅडम म्हणाल्या, त्यांचं दुसरीकडे कुणाशी तरी भांडण झालं होतं, त्याला शोधत फिरत होते. तो सापडला नाही. मुख्य रस्त्यावरून आत वळले, पहिल्या ओळीत ज्या गाड्या दिसल्या त्या फोडल्या.

हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. मला बसावं लागलं. महिनाभर मी रोज रात्री त्या ‘बघू यंदा’ची उजळणी करत होते आणि आमच्यावर कुणाचा काही राग नव्हताच.

गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे आमच्या प्रकरणात त्यांना लगेच जामीन मिळाला. गल्लीत यावर बराच संताप झाला, पोलिसांनी सोडून दिलं म्हणून. जामीन म्हणजे सुटका नव्हे, खटला चालतोच, हे मला दारोदार सांगावं लागलं. नव्या कायद्याप्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवावी लागते. मला १६ मे ला मोबाइलवर संदेश आला, बेलापूरच्या न्यायालयात दोषारोपपत्र दाखल. साक्षीचं समन्स अजून आलेलं नाही. आरोपींकडून नुकसानभरपाई कोर्ट देऊ शकतं, पण ते निकालानंतर. आम्ही ते पैसे धरलेले नाहीत. दरम्यान नऊ घरांनी मिळून ११,५०० रुपये काढले आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना कॅमेरे बसवले. डीव्हीआर आमच्याकडे आहे, घड्याळ दर पहिल्या तारखेला मी जुळवते.

मे महिन्याच्या शेवटी मी ठाण्यात एका वेगळ्याच कामासाठी गेले. मॅडमना विचारलं, त्या मुलाचं नाव कागदांत कुठे कसं आहे, त्याच्या भरतीला अडचण येईल का? त्यांनी फाइल उघडून पाहिली. "आरोपी नाही, संशयित नाही. विचारपूस करून जबाब घेतलाय, त्यात त्याचा काही संबंध नाही असंच आहे. पडताळणीत काही येणार नाही." मी दोनदा विचारून खात्री केली.

तिथून थेट त्यांच्या घरी गेले. दारात त्याची आई होती. मी जे मॅडम म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. आणि हेही सांगितलं की त्या पहाटे त्याचं नाव सगळ्यांत आधी मीच घेतलं होतं. त्यांना ते माहीत असावं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत." आत बोलावलं नाही. तो घरात होता की मैदानावर, मी विचारलं नाही.

त्याची धाकटी बहीण माझ्याकडे पाचवीच्या शिकवणीला यायची. १८ फेब्रुवारीपासून ती आलेली नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, नव्या बॅचच्या वह्या मी आणून ठेवल्यात, त्यात तिची एक आहे.